काळी एक

१२ जानेवारी, रविवार

सकाळी नऊला बसलो ते जेवायला उठलो तेव्हा दीड वाजला होता. चारपैकी तीन रचना ठरल्या. चौथी राहिली.

पुढे ही वही वाचताना माझाच गोंधळ होऊ नये म्हणून नीट लिहितो. आमच्या सावनीला इथे चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या संगीत विद्यालयात पियानोच्या डिप्लोमाला जायचं आहे. तेवीस मार्चला परीक्षकांसमोर वाजवून दाखवायचं. वेगवेगळ्या काळातल्या चार रचना, आणि त्यांची यादी आधी भरून द्यायची. एकदा दिलेली यादी बदलत नाही. बारावीनंतर तिच्या आईने, हेमलताने, तिला एक वर्ष दिलं आहे. जमलं तर जमलं, नाहीतर जूनमध्ये पुण्याला मामाकडे राहून कॉमर्स. "एक म्हणजे एकच हं," असं हेमलता तेव्हा म्हणाली होती. ती बोललेलं फिरवत नाही.

त्या रचनांची खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. मी आपली माझी ठेवली आहेत. पहिली 'वकील'. दोन पक्ष तावातावाने भांडतात आणि शेवटी जिथून निघाले तिथेच समेट करतात. दुसरी 'झोपाळा'; ती वाजत असली की हेमलतासुद्धा मिक्सर थांबवते. तिसरी 'हंडे', कारण जिन्यावरून हंडे घरंगळल्यासारखी वाजते.

"बाबा, केवढी मोठी रचना आहे ती, माहिताय?" सावनी म्हणाली.

"असेल की. हंड्यांनी तालात घरंगळणं सोपं नसतं."

हसली. आमचं असं चालतं.

चौथी जर्मन बुवांची. हे बुवा तीनशे वर्षांपूर्वीचे, आणि त्यांची एक रचना प्रत्येकाला सक्तीची. एक सूर चाल घेऊन पुढे पळतो, दुसरा तीच चाल घेऊन त्याच्या मागे लागतो, मग तिसरा. मी तिला पाठशिवणी म्हणतो. बुवांनी बाराही पट्ट्यांत अशा पाठशिवण्या बांधून ठेवल्या आहेत. सावनीचं मन दोन पट्ट्यांमध्ये अडकलं आहे, पांढरी दोन आणि काळी एक.

या घरात अजून पेटीचीच भाषा चालते. सावनी चार वर्षांची असताना मी तिला मांडीवर घेऊन, गावच्या शाळेत गुरुजींनी मला शिकवलं तेवढंच शिकवलं होतं. ही पांढरी एक, तिच्या शेजारची ही काळी एक. पियानोच्या बाई इंग्रजी नावं सांगतात, पण मला सांगताना सावनी काळी-पांढरीतच सांगते.

काळी एक माझी भजनाची पट्टी. तसं मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने तीच घेतली असती.

३१ जानेवारी, शुक्रवार

यादी भरायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. वेबसाइट काल दिवसभर गोल गोल फिरत बसली होती. सावनी चौथी रचना ठरवायला मैलापूरला बाईंकडे गेली होती. फॉर्म मोबाइलवर उघडत नाही, आणि बाईंकडे कॉम्प्युटर नाही. म्हणून पोरूरच्या घरात कॉम्प्युटरसमोर मी, दुसऱ्यांदा आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून. तीन नावं तिने कागदावर लिहून ठेवली होती. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून हुबेहूब भरली. साडेचारला तिचा फोन आला. मागे नुसते हॉर्न.

"बाबा, ठरलं. काळी एक."

"नक्की?"

"नक्की. बाई पण हो म्हणाल्या. काळी एक म्हणजे सी शार्प, लक्षात आहे ना?"

"मलाच शिकवतेस होय गं?"

बुवांच्या रचनांची यादी तिथे तयारच होती, फक्त निवडायची. सी शार्प दिसली, निवडली. चार एक्केचाळीसला 'मिळाला' असा निरोप आला. मी नारळ फोडला.

हेमलता म्हणाली, "अहो, नुसती पत्रिका दिलीय. लग्न जमायचंय अजून."

३ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यात आज लाइनवरच्या शरण्याने स्वतःच्याच कामाला लाल टॅग लावला. सव्वीस वर्षांची पोर, पण धीट. आमच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात मी मोटारींची दारं तपासतो. दार लावताना येणाऱ्या आवाजावरून बिजागरी सैल आहे की घट्ट ते सांगतो, एकवीस वर्षं तेच करतोय. दोष दिसला की तिथल्या तिथे लाल टॅग बांधायचा. पुठ्ठ्याचा असतो, त्यावर चार रकाने: दोष काय, कोणी शोधला, कधी, उपाय. दोष आपला असो की साहेबाचा.

लाइन अकरा मिनिटं थांबली. "सार, माझंच चुकलं," एवढंच ती म्हणाली.

दुपारच्या बैठकीत मी उभा राहून तिचं कौतुक केलं. म्हटलं, चुकतो तो माणूस, झाकतो तो चोर. माझं तमिळ मोडकं, पण टाळ्या पडल्या. बसमध्ये परत येताना बरं वाटत होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

विद्यालयाचं पत्र काल मेलवर आलं, मला आणि सावनीला दोघांनाही. परीक्षा क्रमांक ११८. आकड्यांची बेरीज दहा, दहाचा एक. काळी एकचाच एक! लगेच प्रिंट काढून देवाजवळ ठेवली.

"बघितलंस का पत्र?" मी विचारलं.

"बघितलं."

रात्री जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. आज बाईंकडे जाते म्हणून सकाळी लवकर गेली ती दुपारी आली, डोळे सुजलेले. चेन्नईचं ऊन आत्ताच असं. पोरीला टेन्शनही असणारच.

आल्यापासून हेडफोन लावून वाजवतेय. आमचा पियानो विजेवरचा. हेडफोन लावले की सूर तिला एकटीला, आम्हाला नुसती पट्ट्यांची टपटप. म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या पद्मनाभ सरांना आवाजाचा त्रास होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहायला बसलो खरा, पण हात चालत नाही.

उदबत्तीने जळू नये म्हणून देवाजवळची प्रिंट उचलली आणि सहज पहिल्यापासून वाचली. चौथ्या ओळीत सी शार्प, आणि त्यापुढे मेजर. सावनी हेमलताबरोबर बाजारात गेली होती. पियानोवर तिची काळी एकची पानं होती. तिथे सी शार्प, आणि त्यापुढे मायनर.

कॉम्प्युटरवर शोधलं. बुवांनी प्रत्येक पट्टीत दोन दोन जोड्या बांधल्या आहेत, आधी प्रस्तावना आणि मागून पाठशिवणी; एक जोडी मेजर, एक मायनर. दोन्ही लावून ऐकल्या. मायनर ती, जी जानेवारीभर आमच्या घरात वाजत होती. जड पावलांनी चालणारी, रडवी. मेजर अगदी उलटी. हसरी, थुईथुई नाचणारी. दोन्ही काळी एक, पण एका चालीचं दुसरीशी नातं नाही. विद्यालयाच्या यादीत हसरी वर होती आणि रडवी तिच्याखाली. मी वरची निवडली. खाली बघितलंच नाही.

आमच्याकडे पट्टी सांगितली की झालं. पेटीवाल्याला "काळी एक" म्हणायचं, तो सूर धरतो. पुढे हसवायचं की रडवायचं ते गाणारा बघतो. पट्टीच्या नावातच हसणं-रडणं ठरलेलं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सावनीलाही सांगावंसं वाटलं नसेल. काळी एक म्हणजे काय हे मीच तर तिला शिकवलं होतं.

रडव्या रचनेच्या पानावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार खुणा आहेत, छोट्या कुंपणांसारख्या. हसरीच्या पानावर सात. मोजल्या. सातही सूर कुंपणात.

सहा आठवडे राहिले. ती आली आणि वाजवायला बसली. मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. आधी दुरुस्त करून घेतो, मग सांगतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. घरी सांगितलं, पाळी आहे. नेहमीसारखा डबा घेऊन निघालो आणि नुंगंबाक्कमला गेलो. विद्यालयाच्या कार्यालयात महालक्ष्मी नावाच्या बाई होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग ऐकून घेतलं.

"लिस्ट लॉक झाली, सार."

"मॅडम, चूक माझी आहे, मुलीची नाही. मी तसं लिहून देतो."

"चूक कुणाची, याला फॉर्ममध्ये जागाच नाही, सार."

मी क्रमांक सांगितला नाही. उगाच सावनीचं नाव त्यांच्या मनात राहायला नको. मी उठत नाही असं बघून त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती. अगदी हेच, मेजर-मायनर. तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर रडली बिचारी. तिलाही नाही म्हणावं लागलं. एकाला बदलून दिलं तर सगळ्यांना द्यावं लागतं."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. डबा तसाच. त्या मुलीचं फार वाईट वाटलं. तिच्याही घरात कुणीतरी असंच घाईत बोट ठेवलं असेल. बापानेच का? तो आता कुठल्या तोंडाने तिच्यासमोर जेवत असेल? त्या दोघांसाठीही देवाला हात जोडले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तीनदा सांगायचं ठरवलं. एकदा ती जेवत होती. एकदा हेमलता तिथेच होती. एकदा कुणीच नव्हतं आणि तिने मान वर करून बघितलं, तर मी पंखा कमी करू का विचारलं.

पहिल्या दिवशी फक्त चूक सांगायची होती. आता चूक आणि वर नऊ दिवस सांगायचे आहेत.

जिन्यात पद्मनाभ सर भेटले. निवृत्त हेडमास्तर, खणखणीत आवाज. "काय मधुसूदन, मुलीने पियानो सोडला काय? संध्याकाळी घर कसं ओकंबोकं वाटतं. माझी बायको रोज विचारते."

"नाही सर, तुम्हाला त्रास होतो म्हणून हेडफोन लावते."

"त्रास? कुणाला?"

सज्जन माणूस. तोंडावर तक्रार करणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

तुळजाबाईंकडे गेलो. सावनीच्या पियानोच्या बाई, सत्तरीच्या, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी ऐकली की आमच्या शाळेच्या कपाटातली जुनी पिवळी पुस्तकं आठवतात, हेल मात्र तमिळ. त्यांना सगळं सांगून मोकळं व्हायचं असं ठरवून गेलो होतो. समोर गेल्यावर तोंडातून भलतंच निघालं.

"बाई, समजा ऐनवेळी दुसरीच रचना वाजवायची वेळ आली तर?"

बाईंनी चष्मा काढला. "समजा कां?"

"म्हणजे, आपलं, समजा."

"सरि. बरें, समजा. तर शिकायची, आणखी काय करायचें? रडणें कोणालाही येतें. हंसणें कठीण. तुमची मुलगी हंसायला शिकते आहे. घरीं तिच्या तोंडाकडे पाहतां कीं नाहीं?"

"पाहतो की."

"मग नीट पहा." मी चपला घालताना म्हणाल्या, "जें सांगायचें आहे तें घरीं सांगा. मजला नको."

बाई जुन्या वळणाच्या. कुठलीही गोष्ट काढा, तत्त्वज्ञानाकडे नेतात. पण मला काही सांगायचं आहे हे त्यांनी कसं ओळखलं?

२६ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीच्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून काचा पक्क्या. दर तिसऱ्या खिडकीला एक लाल हातोडी अडकवलेली असते, अडचणीत काच फोडायला. एकवीस वर्षांत ती कधी कुणी काढलेली बघितली नाही. आज पूनमल्लीपर्यंत तिच्याकडेच बघत होतो.

२ मार्च, रविवार

सावनी हल्ली पहाटे पावणेपाचलाच बसते. मी पूजेला, ती पियानोला. आज घंटा खाली ठेवली आणि टपटप ऐकत राहिलो. रडवी रचना सावकाश चालते, आणि ही टपटप मोहरी तडतडावी तशी. मला दाराच्या आवाजावरून बिजागरी कळते, पण पट्ट्यांच्या आवाजात काय कळणार?

"एवढी जलद?" मी चहा देताना विचारलं.

तिने एक हेडफोन कानावरून सरकवला. "वेग वाढवतेय." मग कप हातात घेऊन माझ्याकडे बघत बसली. "बाबा, तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"छे गं. साखर बरोबर आहे ना?"

"आहे," म्हणाली, आणि हेडफोन परत लावला.

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. माझ्याकडे बघताना आधी हसायची, हल्ली नुसती बघते. मेहनत फार होतेय. आणि ती सगळी मेहनत परीक्षकांच्या कागदावर नसलेल्या रचनेसाठी. देवा, मी रोज पहाटे तुझ्यासमोर बसून हे ऐकतो.

९ मार्च, रविवार

एक महिना झाला. कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारला, म्हणजे आपल्या गणपतीला, आज अकरा प्रदक्षिणा घातल्या. सातवीला मनात आलं, विद्यालयाचा कॉम्प्युटर जळू दे, सगळ्यांच्या याद्या जाऊ देत. दोनशे मुलांचं नुकसान मागत होतो. उरलेल्या चार प्रदक्षिणा त्याची माफी मागण्यात गेल्या.

घरी येऊन परत देव्हाऱ्यापुढे बसलो, तर हेमलता म्हणाली, "अहो, देवाला एवढं काय सांगताय? तोही हेडफोन लावेल अशाने."

"काही नाही. तिचं होऊ दे म्हणून."

"तिचं ती करतेय. तुमचं तुम्ही करा."

"म्हणजे?"

"म्हणजे शेंगा सोला," म्हणाली, आणि परात पुढे सरकवली. शेवग्याच्या शेंगा मी फार जाड सोलतो, यावर मग बोलणं गेलं.

१५ मार्च, शनिवार

काल कारखान्यातून एक कोरा लाल टॅग खिशात घालून आणला. आज दोघी भाजीला गेल्यावर भरला. दोष: यादीत हसरी लिहिली, रडवी हवी होती. कोणी शोधला: मधुसूदन. कधी: ९ फेब्रुवारी. उपायाचा रकाना कोरा राहिला. तोंडाने सांगता येत नाही तर निदान टॅग तरी बांधावा, तिच्या फाइलला, म्हणजे ती वाचेल आणि मला आतल्या खोलीत बसता येईल. असा हा पन्नाशीचा बाप.

दोरा ओवायला फाइल उघडली. वरच्याच पानावर ओळीच्या सुरुवातीला खुणा. सवयीने मोजल्या. सात.

परत मोजल्या. सातच. पानं पेन्सिलने भरून गेली होती, बोटांचे आकडे, बाण, खोडून परत लिहिलेले. कडेला छापल्याची तारीख, चार फेब्रुवारी. आणि माथ्यावर तिच्या अक्षरात, 'बाबांची काळी एक'.

मागून आवाज आला, "टॅग कुणाला लावताय?"

सावनी दारात होती. तिने माझ्या हातातून टॅग घेतला, वाचला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"मेल आला तेव्हाच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात गेले होते. खूप रडले. त्या मॅडमनी पाणी दिलं."

ती खुर्ची मला आठवली. पायरीवर बसून ज्या बापाची मी कीव केली होती, तोही आठवला.

"मग मला बोलली का नाहीस?"

"पहिले चार दिवस राग आला होता म्हणून नाही बोलले. मग एका रविवारी बाजारातून आले तर तुमचा चेहरा उतरलेला. म्हटलं, यांना कळलं. आज सांगतील. मग म्हटलं, उद्या सांगतील." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, चूक मला एकदाच कळली. तुम्ही सांगत नाही, ते रोज कळत होतं."

हेमलता भाजीची पिशवी हातात घेऊन तशीच उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि समजलं, तिलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुळजाबाईंनाही. पद्मनाभ सरांना तर कधी त्रास झालाच नव्हता.

"चुकलो गं," मी म्हटलं.

"कितव्यांदा?"

मी फाइलकडे बघत विचारलं, "होईल का पण, आठ दिवसांत?"

"पाठशिवणीत एका जागी रोज सापडते मी. तिथून सुटले तर होईल."

"आज हेडफोन काढून वाजव ना. ऐकतो."

"नको," ती म्हणाली. "आता तिथेच ऐका."

टॅग तिने फाइलमध्ये टाकला आणि वाजवायला बसली. टपटप सुरू झाली. आता कळत होतं काय वाजतंय ते, तरी ऐकू येत नव्हतं.

२३ मार्च, रविवार

सव्वाअकराला आत गेली. पालकांना बाहेरच्या बाकावर बसवतात, दार जाड लाकडी. हेमलता आली नाही. म्हणाली, "मी दिसले की ती आत जाताना माझ्याकडेच बघत राहील."

वकील आले, भांडले, समेट झाला. झोपाळ्याच्या वेळी शेजारच्या एका आईने विणणं थांबवलं. हंडे घरंगळले, तालात. मग बराच वेळ शांतता. आणि मग ती.

कॉम्प्युटरवर ऐकली होती तशी नव्हती. माझ्या घरात दीड महिना मुक्याने वाजलेली गोष्ट आज बोलत होती. सातही सूर कुंपणात, तरी उड्या मारत होते. पाठशिवणी सुरू झाली. पहिला पळाला, दुसरा मागे लागला, तिसरा लागला. मी पुटपुटतही नव्हतो. देवाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. मध्यावर एका जागी पाय निसटावा तसा एक सूर निसटला. एक क्षण काहीच नाही. मी बाकाची कड धरली. पण खालचा सूर चाल घेऊन येतच होता, आणि बाकीचे त्याच्यामागे धावले. शेवटपर्यंत.

बाहेर आली ती कपाळ पुसत.

"सापडले," म्हणाली. "पण थांबले नाही."

"ऐकलं."

रस्त्यापलीकडे कॉफी घेतली. पहिले दोन घोट तिने बशीतच सांडले. बसमध्ये तिला खिडकी दिली. ही साधी बस होती, खिडकी उघडी.

५ एप्रिल, शनिवार

यादी लागली. क्रमांक ११८ आहे. ही पहिली फेरी. दुसरी मे महिन्यात, आणि त्यातून निम्मे गळतील. म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, असं हेमलता म्हणते. पण सकाळी फोनवर भावाला सांगत होती, "जूनचं अजून नक्की नाही रे दादा, खोली अडवून ठेवू नकोस."

दुसऱ्या फेरीला बुवांची एक वेगळ्या पट्टीतली रचना लागते. बाकीच्या तीन त्याच. यादीचा फॉर्म आज आला. सावनी डोसा खात होती. म्हणाली, "तुम्हीच भरा."

"मी?"

"बोटांना चटणी लागलीय माझ्या. नावं फाइलमध्ये आहेत."

फाइल उघडली तर वर लाल टॅग. 'कोणी शोधला' या रकान्यातलं माझं नाव एका रेघेने खोडलेलं. त्यावर: सावनी, ४ फेब्रुवारी. आणि मी कोरा सोडलेल्या उपायाच्या रकान्यात एकच शब्द: विचारणे.

टॅग बाजूला ठेवला. तीन नावं भरली. चौथ्या जागी आलो.

"पट्टी कुठली?"

"पांढरी दोन."

बुवांची यादी उघडली. डी दिसली. हात पुढे गेला आणि थांबवला.

"सावनी. हसरी की रडवी?"

तिने वर बघितलं नाही. डोशाचा तुकडा चटणीत बुडवला. "वाचलात वाटतं टॅग." मग तो तुकडा खाल्ला, सावकाश, मला थांबवून ठेवत. "रडवी. खाली असेल बघा."

मी खाली बघितलं. होती.